एका मोटारीचा जीर्णोद्धार

देवळांचा जीर्णोद्धार होतो, पोथ्यांचा होतो; परंतु प्लॅस्टिकच्या खेळांतल्या मोटारीचा जीर्णोद्धार म्हटल्यास वाचक हंसतील. तरीहि गेल्या चातुर्मासांत प्रस्तुत लेखकानें तो केला, आणि त्यांत एका ठिकाणीं हात असा अडला कीं, ती हकीकत सांगावीशी वाटते.

१९६६ सालीं आमच्या काकांनीं अमेरिकेहून एक खोकें आणलें. त्यांत १९५७ सालच्या शेव्हरोले मोटारीच्या प्रतिकृतीचे सुटे भाग होते. पॉलिस्टिरीन तापवून साच्यांत दाबावयाचें व निघालेले भाग मुलांनीं घरीं जोडावयाचे, हा छंद दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेंत भरभराटीस आला होता. मूळ गाडी २०० इंच लांब, प्रमाण १:२५, म्हणून आमची गाडी बरोबर ८ इंचांची. ती जोडली दादानें. त्याचें वय अकरा, माझें सात, आणि मला हात लावण्याची सक्त मनाई! कांच तिरपी बसली, एक चाक जमिनीला टेकेना, तांबडा रंग ओघळला, आणि इंजिनाच्या झांकणावर ओल्या गोंदांत दादाचा अंगठा उमटला.

यंदा माळ्यावरून ती निघाली, तेव्हां मीं दोषांची यादी केली. हा गोंद आपल्या डिंकासारखा नसतो. तो प्लॅस्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. म्हणून सांधा ओढल्यास भागच मोडतो. गाडी रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवली, तेव्हां गोंद ठिसूळ झाला व पातळ पात्यानें कांच आणि चाकें सुटलीं. रंग काढण्यास थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरूं नये. रंगाबरोबर गाडीहि विरघळेल. ब्रेक ऑइलांत भिजवून, हातमोजे घालून, दांतांच्या जुन्या ब्रशानें मीं तो उतरविला. बंपरावरची चकाकी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. तो ब्लीचनें जातो. मात्र ब्लीच आणि ब्रेक ऑइल कधींहि एकत्र येऊं देऊं नये, व दोन्हीं मुलांपासून दूर ठेवावीं. फटी लुकणानें भरून ४०० व मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनें पाण्यांत घासल्या. रंगाचे थर विरळ द्यावे. कारण येथील जाडी खऱ्या गाडीच्या मानानें पंचवीस पट दिसते.

उरलें इंजिनाचें झांकण. रंग गेला, तरी अंगठा गेला नव्हता. तो प्लॅस्टिकमध्येंच मुरला होता. लुकण तयार होतें, कागद हातांत होता. खरें सांगावयाचें तर, तो ठसा पुसण्यांत साठ वर्षांपूर्वींच्या मनाईचा थोडा सूडहि होता.

इतक्यांत दादा आला. आतां तो सत्तरी ओलांडलेला. चहाची बशी धरतांना त्याचा हात कांपतो. त्यानें त्या ठशावर आपला अंगठा टेकविला. ठसा अर्ध्याहून अधिक झांकला गेला.

"घासून टाक," तो म्हणाला. "वांकडें काम ठेवूं नये."

मीं कागद खालीं ठेवला. चाक न टेकणें हा दोष होता. त्यानें गाडी लंगडत होती. या ठशानें गाडीचें कांहींच अडत नव्हतें. शिवाय लुकण पुन्हां भरतां येतें, चाक पुन्हां बसवितां येतें. परंतु अकरा वर्षांचा अंगठा एकदां घासला कीं तो पुन्हां कोठून आणावयाचा? जीर्णोद्धार करणारानें हत्यार उचलण्यापूर्वीं एवढा विवेक करावयास हवा.

झांकणास विरळ तांबडा रंग दिला; उजेडांत धरल्यास त्यांतील रेषा दिसतात. शेवटचें चाक राहिलें होतें. मीं तें दादापुढें केलें. त्यानें आपल्या हाताकडे पाहिलें, आणि चाक मला परत दिलें.

"बसव तूं," तो म्हणाला.

ती परवानगी मिळावयास साठ वर्षें लागलीं. आतां गाडीचीं चारहि चाकें जमिनीला टेकतात.