मेडिकल बायोटेक म्हणजे डॉक्टरकी नव्हे

बारावीचा निकाल लागला की वसई-विरारचे पालक दवाखान्यात विचारतात, "डॉक्टरसाहेब, नीटमध्ये मार्क कमी पडले. मेडिकल बायोटेक घेतलं तर मुलगी डॉक्टर होईल ना?"

होणार नाही. ही बी.एस्सी.ची पदवी आहे. तिच्या जोरावर रुग्ण तपासता येत नाहीत, औषध लिहून देता येत नाही. 'मेडिकल' या शब्दाला भुलून दागिने गहाण टाकू नका.

मात्र हे शिक्षण दुय्यम नाही. जिवंत पेशींकडून औषधे कशी बनवून घ्यायची, हे त्यात शिकतात. पूर्वी इन्शुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. आज मानवी इन्शुलिन जनुक बदललेले जिवाणू किंवा यीस्ट तयार करतात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली हिपॅटायटिस-बीची लस अशाच तंत्राने आणली. आणि परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते! (आम्हा डॉक्टरांना ही आठवण फारशी रुचत नाही.) प्लेगची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

नुसत्या पदवीवर चांगली जागा मिळणे कठीण, एम.एस्सी. धरूनच खर्चाचा हिशेब करा. प्रवेशापूर्वी कॉलेजची प्रयोगशाळा पाहा आणि तिथल्या मुलांना विचारा, प्रयोग स्वतःच्या हाताने करता की लांबून नुसते बघता?