पायांचे तेल आणि न्हाणीची वाट

गतवर्षीच्या पावसाळ्यात मालवणनजीकच्या एका वाडीतून आम्हांस सकाळीच बोलावणे आले. ऐंशीच्या घरातील आजी पहाटे न्हाणीकडे जाताना घसरून पडल्या होत्या. आम्ही पोहोचेपर्यंत शेजारणीने नारायण तेलाने कंबर-मांडी चोळलीही होती. उजवा पाय आखूड दिसत होता व पाऊल बाहेरच्या बाजूस वळले होते. ऊर्वस्थीच्या ग्रीवेचा भग्न असावा हे उघड होते. चोळणे थांबवून आम्ही 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मागविली. मात्र फरशीवर उमटलेल्या तेलकट पावलांनी आम्हांस अधिक अस्वस्थ केले. झोपताना तळपायांस तेल चोळावे व गंधर्वहरीतकी घ्यावी, हा सल्ला आमचाच होता.

पादाभ्यंगाने पायांस बल व स्थैर्य येते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे आणि ते अनुभवासही येते. परंतु सारवलेल्या जमिनीत मुरणारे तेल टाइल्सवर मुरत नाही. चतुर्थीपूर्वी मुंबईहून आलेला मुलगा हौसेने घर नवे करून जातो; त्या गुळगुळीत फरशीवर वर्षभर वावरतात ते आईवडील. 2001 ते 2011 या दशकात सिंधुदुर्गाची लोकसंख्या सुमारे 8.69 लाखांवरून 8.50 लाखांवर आली. पडलेल्या माणसाची हाक ऐकणारे घरात कोणी असेलच, असे आता धरून चालता येत नाही.

म्हणून आम्ही पादाभ्यंग बंद केला नाही, त्याची वेळ व रीत बदलली. तेल सायंकाळी, बसवून, दुसऱ्याने लावावे. अर्ध्या तासाने कोमट पाण्यात भिजविलेल्या फडक्याने तळवे व बोटांच्या बेचक्या पुसून काढाव्यात. अनुलोमक औषध देताना रात्री किती वेळा उठावे लागते, हे आधी विचारावे. रक्तदाबाच्या वा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर अंथरुणावर काही क्षण बसूनच उठावयास सांगावे. उशाशी बॅटरी हवीच. पावसात आपल्याकडे वीज केव्हा जाईल हे कोण सांगणार! विहिरीच्या व खळ्याच्या चिरेबंदी पायऱ्यांवरील शेवाळ आठवड्यास खरवडावे, आणि न्हाणीत हाताशी पक्का दांडा बसवावा. टॉवेलची दांडी त्या कामाची नव्हे.

पडलेल्यास ओढून उभे करू नये. मांडी वा खुबा दुखत असेल तर अभ्यंग नको, पाय ओढणेही नको. उशांचा आधार देऊन पाय स्थिर ठेवावा व अस्थितज्ज्ञाकडे पाठवावे. यात शास्त्राशी द्रोह नाही. सुश्रुताचार्यांनी मांडी व जंघेच्या भग्नात कपाटशयन सांगितले आहे. फळीवर पाच खुंट्यांच्या आधारे बांधून ठेवावयाचे, म्हणजे हालचालीस बंदीच. उतारवयात अस्थिसंधान होण्यास तरुणाच्या तिप्पट काळ लागतो, हेही त्यांनीच नोंदविले आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्यास मार बसला असेल, तर तो हसत बोलत असला तरी रुग्णालयात पाठवावा. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनी प्रकट होतो.

औषधालयचालकांस एक विनंती. तेलाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘तळवे पुसल्याशिवाय चालू नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी. आजींच्या बाटलीवर ती आम्ही स्वहस्ते लावली आहे. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात त्या काठी घेऊन पडवीपर्यंत येऊ लागल्या. तेल आता सून लावते, दिवेलागणीपूर्वी.