पावतीतला इंधन अधिभार
कुरिअरच्या काउंटरवर भाव सांगतात ५०० रुपये, पावती हातात येते ७६७ची! समजा, इंधन अधिभार ३० टक्के आहे. त्याचे १५० रुपये झाले. मग ६५० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७. थोडक्यात, अधिभारावरही कर.

हा अधिभार बहुधा मूळ भाड्याच्या टक्क्यांत लागतो, त्यामुळे जड पार्सलला तो आणखी जड जातो. अधिभाराचा दर इंधनाच्या भावाशी बांधलेला असतो. विमानाने जाणाऱ्या पार्सलांचं पाहिलं, तर आपल्याकडे विमान-इंधनाचे भाव तेल कंपन्या दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात. अमेरिकेत फेडेक्स ही कुरिअर कंपनी तर अधिभार दर आठवड्याला बदलते. दिवाळीचा फराळ पाठवताना ‘किलोला किती?’ विचारण्यापेक्षा ‘सगळं धरून किती?’ विचारलेलं बरं.