हट्टी मूल आणि पालकांचे शिक्षण

अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील युजीन नगरात जेरल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने, आक्रस्ताळ्या मुलांच्या वर्तनाचे मूळ शोधण्याकरिता, आपले निरीक्षक थेट त्यांच्या घरी धाडले आणि आईबाप व मूल यांच्यातील बोलण्याचालण्याची क्षणाक्षणाची नोंद करविली. १९८२ साली त्याने ग्रंथरूपाने मांडलेला सिद्धान्त असा, की आईने खेळणी आवरण्याचा हुकूम करावा, मुलाने किंचाळून हातपाय आपटावेत, थकलेल्या आईने हुकूम मागे घ्यावा आणि तत्क्षणी आरडाओरड थांबावी, या घटनाक्रमात मुलाला कामातून सुटका व आईला शांतता असा मोबदला दोघांनाही मिळत असल्यामुळे, आकांडतांडव करण्यात मूल आणि माघार घेण्यात आई, दोघेही नकळत तरबेज होत जातात. त्यातही आई कधी नमली व कधी कठोर झाली, तर हट्ट अधिकच चिवट होतो. कारण अधूनमधून मिळणाऱ्या फळाची आशा सहजी सुटत नाही.

साहजिकच उपचाराचा रोख पालकांच्या वर्तनाकडे वळला. शीला आयबर्ग या विदुषीने १९७०च्या दशकात सुमारे दोन ते सात वर्षांच्या मुलांकरिता सिद्ध केलेल्या पद्धतीत आई मुलाशी खेळत असते आणि एकतर्फी काचेपलीकडील चिकित्सक तिच्या कानातील यंत्राद्वारे, काय बोलावे ते त्या त्या क्षणी सुचवितो. पहिल्या टप्प्यात खेळाची सूत्रे मुलाच्या हाती असतात. हुकूम, उलटतपासणी व दोषारोप वर्ज्य. ‘ठोकळे किती जपून रचलेस!’ अशी नेमकी प्रशंसा करावयाची, क्षुल्लक कुरबुरीकडे दुर्लक्ष करावयाचे, आणि हा अभ्यास घरी रोज पाच मिनिटे चालवावयाचा. दुसऱ्या टप्प्यात आज्ञा एका वेळी एकच व सुस्पष्ट. पाळल्यास तत्काळ शाबासकी, न पाळल्यास ताकीद, आणि तरीही न ऐकल्यास काही मिनिटे खुर्चीवर बसविणे. मारहाणीला येथे मुळीच स्थान नाही.

काही मुले उपजतच अधिक चंचल व तापट असतात आणि त्यांना सांभाळताना कोणताही पालक मेटाकुटीस येईल. म्हणून ‘लाडावून ठेवले’ असा ठपका आईवर ठेवणे अन्यायाचे आहे. शिवाय दुर्लक्ष सुरू होताच हट्ट आरंभी काही काळ उसळतो, आणि नेमक्या त्याच वेळी वडिलांनी किंवा आजीने कळवळून मागितलेली वस्तू हाती दिली, तर आईचे सारे श्रम वाया जातात. तेव्हा बालमानसतज्ज्ञाकडे जाताना घरातील सर्व वडीलधाऱ्यांनी सोबत जावे आणि एकाच नियमाने वागण्याचे ठरवूनच परतावे, हे उत्तम.