तेरा आकड्यांचा बाजार

भिवंडीहून वाड्याकडे जाणारा रस्ता अंबाडी नाक्यावर आला की तिथून एक फाटा वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो. गरम पाण्याच्या कुंडांवर निघालेल्या गाड्या, वाड्याच्या कारखान्यांचे ट्रक आणि टेम्पो यांची इथे कायम वर्दळ. शाळेच्या वह्या आणि गाइडं नाक्यावर मिळतील. नोम चॉम्स्कींचं ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ किंवा रसेल-नॉर्विग यांचं कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं जाडजूड पाठ्यपुस्तक मात्र इथे कुणी मागणार नाही, आणि मागितलं तर दुकानदार आधी आपल्याकडे बघेल. ज्याला हवं असतं तो ते मोबाइलवर मागवतो, आणि नवं परवडत नाही म्हणून जुनं शोधतो.

गंमत अशी की ऑनलाइन पुस्तकविक्रीचा एक मोठा खांब याच भिवंडी तालुक्यात रोवला गेला. जून २०१३मध्ये ॲमेझॉनने भारतात दुकान मांडलं ते पुस्तकं आणि सिनेमांच्या डिस्क घेऊन, आणि माल साठवायला पहिलं गोदाम घेतलं भिवंडीत. कारण जुनंच होतं. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात लागे, म्हणून व्यापारी माल हद्दीबाहेर, भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत ठेवत. मानकोली, राहनाळ, पूर्णा, वळ या गावांची भातशेती बघता बघता पत्र्याच्या छपराखाली गेली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र राहिली आणि वाढली.

पण गोदामात असतं ते नवं पुस्तक, एकाच छापाच्या पन्नास प्रती. जुन्या पुस्तकाचा हिशेब निराळा. तिथे प्रत्येक प्रत एकुलती एक: एकीवर कॉलेजचा शिक्का, दुसरीत पिवळ्या मार्करचे पट्टे, तिसरीचा पुठ्ठा निघालेला. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला किंवा फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर गिऱ्हाईक प्रत हातात घेतं, चाळतं, वास घेतं आणि घासाघीस करतं. ऑनलाइनवाल्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. त्याला विकत घ्यावं लागतं ते पुस्तकाचं वर्णन. वर्णन खरं निघालं तर पुस्तक मिळालं म्हणायचं.

या वर्णनाच्या मुळाशी असतो तेरा आकड्यांचा क्रमांक, आयएसबीएन. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्यांच्या गरजेतून त्याचा जन्म झाला, १९७०मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक बनला, आणि १ जानेवारी २००७पासून दहा आकड्यांचे तेरा झाले. मॅनिंग आणि श्यूत्झे यांचं ‘फाउंडेशन्स ऑफ स्टॅटिस्टिकल नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग’ हे १९९९चं पुस्तक घ्या. त्याचा तेरा आकडी क्रमांक ९७८-०-२६२-१३३६०-९. पहिले तीन आकडे सांगतात की ही वस्तू पुस्तक आहे, पुढचं शून्य इंग्रजी भाषकांच्या गटाचं, २६२ म्हणजे एमआयटी प्रेस, मग त्या पुस्तकाचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा नऊ हा पहारेकरी. आकड्यांना आळीपाळीने एक आणि तीनने गुणत बेरीज केली की ती नव्वद भरते. बेरजेला दहाने नि:शेष भाग जायलाच हवा. विक्रेत्याच्या हातून एक आकडा चुकला तर भाग जात नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल मात्र कधी कधी निसटते. त्या दोघांत पाचचा फरक असेल तर बेरजेला पत्ताच लागत नाही.

सगळा ऑनलाइन बाजार या क्रमांकावर चालतो. विक्रेता क्रमांक टाकतो. मुखपृष्ठ, लेखक, पानं आपोआप येतात. इथेच घोळ होतो. पडद्यावरचं चित्र त्या क्रमांकाचं असतं, विक्रेत्याच्या फळीवरच्या प्रतीचं नसतं. भारतीय स्वस्त आवृत्तीचा क्रमांक वेगळा, परदेशी पुठ्ठाबांधणीचा वेगळा, आणि घाईतला विक्रेता एकाच्या खात्यात दुसरं टाकून मोकळा होतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक एकच फोटो मागतं: प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती जिथे छापलेली असते त्या आतल्या पानाचा. फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून पुस्तक घेऊ नये.

प्रतीच्या अवस्थेचीही एक ठरीव भाषा आहे. ‘लाइक न्यू’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’, ‘ॲक्सेप्टेबल’. यातलं ‘गुड’ म्हणजे बेताचं, आणि ‘ॲक्सेप्टेबल’ म्हणजे सगळी पानं आहेत एवढंच. संग्राहक ज्याला नाक मुरडतात ते ‘एक्स-लायब्ररी’, म्हणजे ग्रंथालयाने काढून टाकलेलं पुस्तक, वाचणाऱ्यासाठी मात्र बहुतेक वेळा उत्तम सौदा ठरतं. शिक्के असतात, मागच्या पुठ्ठ्याला कार्डाचा कप्पा चिकटवलेला असतो, कण्यावर वर्गीकरणाचा आकडा असतो; पण बांधणी टणक, आणि भाषाशास्त्राच्या पुस्तकाबाबत पुष्कळदा असं दिसतं की पहिल्या दोन प्रकरणांच्या पुढे कुणी गेलेलंच नाही.

भाषाशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ही जोडी बाजारात एकत्र शोधली जाते, पण दोन्हींचं म्हातारपण सारखं नाही. संगणकाचं पुस्तक लवकर उतरतं. रसेल-नॉर्विगची पहिली आवृत्ती १९९५ची, चौथी २०२०ची. नवी आली की आधीची रद्दीच्या भावाला टेकते. मुंबई-पुण्याच्या इंजिनीअरिंगच्या पोरांमध्ये पुस्तकांच्या दोनच जाती: ‘लोकल ऑथर’ आणि ‘फॉरेन ऑथर’. परीक्षा लोकल ऑथरवर निघते आणि फॉरेन ऑथर कोराच्या कोरा बाजारात परततो. एलेन रिच आणि केव्हिन नाइट यांच्या ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ची टाटा मॅकग्रॉ-हिल आवृत्ती अशीच वर्षानुवर्षं पदपथावर फिरत राहिली आहे.

उतरलेलं म्हणजे निकामी, असं मात्र नाही. जुराफ्स्की आणि मार्टिन यांच्या ‘स्पीच अँड लँग्वेज प्रोसेसिंग’ची दुसरी आवृत्ती २००८ची. तिसरीचा मसुदा लेखकांनी स्वतःच इंटरनेटवर फुकट ठेवला आहे, त्यामुळे दुसरीला गिऱ्हाईक कमी. पण संगणकीय ध्वनिविचार, युनिफिकेशन व्याकरणं, वाक्याच्या रचनेची जुन्या पद्धतीची उकल यांवरची प्रकरणं नव्या मसुद्यात आकसली किंवा गळाली. यंत्राला व्याकरण शिकवायचं म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने जुनी आवृत्ती घ्यावी, आणि नवा मसुदा आहेच.

काही सापळे नवख्याला ठाऊक नसतात. टेरी विनोग्राड यांचं ‘लँग्वेज ॲज अ कॉग्निटिव्ह प्रोसेस’ १९८३मध्ये आलं. मुखपृष्ठावर ‘खंड पहिला’ असं स्पष्ट छापलेलं आहे. दुसऱ्या खंडाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, तो निघालाच नाही. उलट रुमेलहार्ट आणि मॅक्लेलँड यांच्या १९८६च्या ‘पॅरलल डिस्ट्रिब्युटेड प्रोसेसिंग’चे दोन खंड खरोखर आहेत आणि विक्रेते ते हमखास ताटातूट करून विकतात. मिन्स्की-पेपर्ट यांचं ‘परसेप्ट्रॉन्स’ १९६९चं. पण बाजारात सहज सापडते ती १९८८ची वाढवलेली आवृत्ती. मूळची आहे असं सांगणाऱ्याला वर्ष विचारावं.

पाणिनीवरच्या एका पुस्तकाची कथा मराठी गिऱ्हाइकाला जवळची वाटेल. पुढे स्टॅनफर्डला गेलेल्या पॉल किपार्स्की यांचं ‘पाणिनी ॲज अ व्हेरिएशनिस्ट’ १९७९मध्ये निघालं, संपादक पुण्याचे डॉ. शि. द. जोशी, आणि प्रकाशक दोन: केंब्रिजची एमआयटी प्रेस आणि पुणे विद्यापीठाचं संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र. मजकूर तोच असल्यामुळे अमेरिकेतून डॉलरमध्ये मागवण्याआधी पुण्यात चौकशी केलेली बरी.

अमेरिकेतून मागवणं आता अवघडच झालंय. जहाजाने येणारी स्वस्त अमेरिकी टपालसेवा मे २००७मध्ये बंद झाली. दोन-तीन महिने लागत, पण पुस्तकांचं पोतं परवडायचं. आता विमानाचं भाडं बहुधा पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त. त्यावर २०१९च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क आलं. जुन्या पुस्तकांचा जागतिक बाजार म्हणून गाजलेलं एबबुक्स कॅनडातल्या व्हिक्टोरियात १९९५मध्ये स्थापन झालं आणि २००८पासून ॲमेझॉनचं आहे. त्यावर एखादं दुर्मीळ भाषाशास्त्र पाच डॉलरला दिसतं, आणि पत्त्याच्या रकान्यात अंबाडी टाकली की बिल पाचपट होतं.

उलटा प्रवास मात्र एकदा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भारतात आणि आशियात छापलेल्या स्वस्त आवृत्त्यांवर ‘फक्त या प्रदेशात विक्रीसाठी’ अशी सूचना असते. सुपाप किर्टसेंग या थाई विद्यार्थ्याने आशियातून अशी पाठ्यपुस्तकं मागवून अमेरिकेत विकली. जॉन वायली या प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचलं. मार्च २०१३मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला: कायदेशीर छापलेली, विकत घेतलेली प्रत पुन्हा विकायला मालक मोकळा, छपाई कुठल्याही देशातली असो.

दोन्ही विषय एकाच डोक्यात नांदलेला माणूस बघायचा तर फार लांब जायला नको. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक उभारणाऱ्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन यांनी १९८१मध्ये ‘मॉडेलिंग लँग्वेज बिहेवियर’ लिहिलं; प्रकाशक जर्मनीची स्प्रिंगर. मूल भाषा कसं शिकतं हे यंत्राच्या भाषेत मांडता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. १९९८मध्ये सेजने त्यांचं ‘लँग्वेज बिहेवियर’ काढलं. आजच्या भाषायंत्रांच्या गदारोळात ही नावं क्वचित ऐकू येतात, म्हणून जुन्या बाजारात नजर ठेवण्याजोगी.

आणि मग येतं ते पुस्तक जे अंबाडीच्या वाचकाला सगळ्यात आधी लागायला हवं, आणि नेमकं तेच या यंत्रणेला दिसत नाही. डॉ. अ. मा. घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळासाठी मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं. त्यातला एक खंड १९६९चा, ‘वारली ऑफ ठाणा’. अंबाडीच्या पंचक्रोशीतल्या पाड्यांवर जी बोली ऐकू येते तिच्या ध्वनींचं, रूपांचं शास्त्रीय वर्णन, नमुने आणि शब्दसूचीसह. पुस्तक निघालं तेव्हा आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक झालेलाच नव्हता. भारतात तर तो ऐंशीच्या दशकात आला. ज्या बाजाराची सगळी शोधाशोध आकड्यावर चालते, तिथे बिनआकड्याचं पुस्तक विक्रेत्याला मांडताच येत नाही, किंवा तो ते कसंबसं मांडतो: लेखकाचं नाव चुकलेलं, ‘ठाणा’चं ‘थाना’ झालेलं, विषयाच्या रकान्यात ‘इतर’. शोधणाऱ्यानेही मग चुकीच्या स्पेलिंगनेच शोधायला शिकावं. हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण जुन्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत तो लागू पडतो.

ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५चा, मराठीचा. तो स्टेन कोनो यांनी तयार केला. त्यात आगरी, कोळी, काथोडी, वारली यांचे नमुने आहेत, म्हणजे भिवंडी तालुक्याचं निम्मं बोलणं. हा खंड आता स्कॅन करून इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि मोतीलाल बनारसीदासचं पुनर्मुद्रणही आहे, त्यामुळे मूळ प्रतीच्या मागे पैसे घालवण्याचं कारण नाही. डेक्कन कॉलेजने अलीकडे मराठी बोलींचं नवं सर्वेक्षण ध्वनिमुद्रणांसह ऑनलाइन खुलं केलंय. घाटगे हातात आणि हे कानात, असा अभ्यास करता आला तर बहार.

बिनआकड्याच्या पुस्तकांचा खरा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो. पुण्यातल्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाचं कपाट रिकामं होतं, घरचे रद्दीवाल्याला बोलावतात, आणि त्यातली बरी पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे पोचतात. तो सतरंजीवर पंधरा-वीस पुस्तकं मांडून कण्यांचा एक फोटो गटात टाकतो. ज्याचं ‘माझं’ आधी पडेल त्याचं पुस्तक. ना.गो. कालेलकरांचं ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’, ज्याला १९६७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते असं फोटोत दिसलं तर दहा मिनिटंही टिकत नाही. पैसे यूपीआयने, पार्सल कुरिअरने. पूर्वी यासाठी टपालखात्याची नोंदणीकृत पुस्तक-टपाल ही सवलतीची सेवा होती. डिसेंबर २०२४मध्ये ती बंद झाली आणि छोट्या विक्रेत्यांचं गणित बिघडलं. दीडशे रुपयांच्या पुस्तकाला शंभराच्या घरात पाठवणावळ कोण देईल?

जुन्या पुस्तकांच्या बाजारात अलीकडे एक नवं गिऱ्हाईकही उतरलं होतं. अमेरिकेतल्या एका खटल्यात जून २०२५मध्ये न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी दिलेल्या निकालात नोंद आहे की अँथ्रॉपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने लाखोंच्या संख्येने छापील पुस्तकं विकत घेतली, त्यातली पुष्कळशी जुनी. त्यांची बांधणी काढली, पानं कापून स्कॅन केली आणि कागद टाकून दिला. विकत घेऊन स्कॅन करणं न्यायालयाला चाललं. चोरट्या संग्रहातून प्रती उतरवून ठेवणं चाललं नाही, आणि तो भाग पुढे दीड अब्ज डॉलरच्या तडजोडीवर गेला.

अंबाडीच्या वाचकाने मागवलेलं पुस्तक पावसाळ्यात आलं, तर पाकीट फोडल्याबरोबर ते कपाटात कोंबू नये. कोकणपट्टीच्या दमट हवेत जुन्या कागदावर तांबूस ठिपके पडतात आणि एका पुस्तकाची बुरशी शेजारच्याला लागते. दोन-तीन दिवस पंख्याखाली उघडं ठेवावं, सरस सुटला असेल तर बाइंडरकडे द्यावं. आणि पाठ्यपुस्तकाची घाई नसेल तर मे-जूनपर्यंत थांबावं. सेमिस्टर संपलेली असते, होस्टेलं रिकामी होत असतात आणि फॉरेन ऑथर ढिगाने बाजारात येतो.