हरणाच्या शिकारीची रायफल : समजुती आणि वस्तुस्थिती

उत्तर अमेरिकेत शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा जो हंगाम सुरू होतो, तो आपल्याकडे समजला जातो तसा मोकाट प्रकार नसून, त्या त्या राज्याच्या वन्यजीव खात्याने मुक्रर केलेल्या मुदतीत, खात्याच्या परवान्यावर आणि ठरवून दिलेल्या संख्येच्या आत चालणारा, कायद्याने चहूबाजूंनी बांधलेला व्यवहार आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने चितळ-सांबरांवर बंदूक रोखण्याची मुभा संपुष्टात आणली, आणि ते उचितच झाले. तेव्हा प्रस्तुत विषय परमुलखातलाच म्हणावयाचा. परंतु तिकडे स्थायिक झालेला एखादा मराठी गृहस्थ शेजाऱ्यांच्या आग्रहावरून परवाना काढावयास निघतो, तेव्हा रायफल कोणत्या बोरची घ्यावी या पहिल्याच प्रश्नापाशी दुकानदार, मित्र आणि लहानपणी वाचलेल्या शिकारकथा मिळून त्याच्या डोक्यात इतक्या परस्परविरोधी समजुती भरून देतात की, त्यांची झाडाझडती घेतल्यावाचून निवड करणे दुरापास्त होते.

यांपैकी सर्वांत रूढ समजूत अशी की, काडतुसाच्या नावातील आकडा त्याची शक्ती सांगतो. वास्तविक या आकड्यांना कोणताही एक शिरस्ता नाही. .३०-३० या १८९५ च्या काडतुसातील दुसरा ३० हा आरंभी त्यात भरल्या जाणाऱ्या धूरविरहित दारूच्या ग्रेनांचा आकडा; .३०-०६ मधला ०६ हे अमेरिकी लष्कराने ते काडतूस स्वीकारल्याचे १९०६ हे साल; .२५०-३००० मधला ३००० हा सेकंदाला फुटांत मोजलेला गोळीचा वेग, जो नावात घालण्यामागे विक्रीचा हेतू उघड होता, आणि .२७० विंचेस्टरची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंच व्यासाची असते. .३०-३०, .३०८ आणि .३०-०६ या तिघांच्याही गोळीचा व्यास .३०८ इंच एवढाच, आणि तिघांतही १५० ग्रेन वजनाची गोळी सर्रास मिळते. ग्रेन म्हणजे काय, असे कोणी विचारील, तर १८० ग्रेनांचा आपला एक तोळा होतो, एवढे सांगितले म्हणजे सराफाच्या पेढीवर वाढलेल्या वाचकाला अधिक स्पष्टीकरण नको. ही तोळ्याहून किंचित हलकी गोळी .३०-३० मधून सेकंदाला सुमारे २,४००, .३०८ मधून सुमारे २,८०० आणि .३०-०६ मधून सुमारे २,९०० फूट वेगाने सुटते. म्हणजे खरा भेद नळीच्या भोकात नसून पितळी कोशाच्या पोटात आणि त्यात सोसल्या जाणाऱ्या दाबात आहे.

याहून घातक समजूत म्हणजे मोठ्या बोरची गोळी हरणाला जागच्या जागी आडवे पाडते, ही होय. शिकारकथांतून ती इतकी रुजली आहे की, तिचे निरसन गणितानेच केलेले बरे. १५० ग्रेनांची गोळी सुमारे १० ग्रॅम वजनाची. ती सेकंदाला ८६० मीटर वेगाने सत्तर किलो वजनाच्या हरणाला लागली आणि तिचा सारा संवेग त्या देहात जिरला, असे क्षणभर गृहीत धरले, तरी त्या देहाला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम बारा सेंटिमीटर भरतो. न्यूटनचा तिसरा नियम शिकारी आणि शिकार यांत पक्षपात करीत नाही. गोळीत हरणाला उडवून देण्याइतका धक्का असता, तर चाप ओढणाराही उलट दिशेस उडाला असता. हरीण मरते ते धक्क्याने नव्हे, तर गोळीने हृदय वा फुप्फुसे फाडल्यामुळे होणाऱ्या रक्तस्रावाने. म्हणूनच हृदयात गोळी बसलेले हरीणसुद्धा पुष्कळदा पन्नास-शंभर यार्ड धावून मग पडते, आणि जाणता शिकारी ते पळाले म्हणून नेम चुकला असे न मानता, थोडा वेळ थांबून, जिथे हरीण उभे होते तिथले तुटलेले केस आणि पानांवरील रक्त वाकून पाहतो: रक्त फिकट गुलाबी आणि फेसाळ असेल, तर गोळी फुप्फुसातून गेली, असा त्याचा निष्कर्ष असतो. जे क्वचित जागीच कोसळते त्याच्या मेंदूला वा मज्जारज्जूला इजा पोचलेली असते. त्यात बोरचे श्रेय नाही.

उलट मोठ्या बोरचा जो धक्का निश्चितपणे कोणाला तरी बसतो, तो शिकाऱ्याच्या खांद्याला. आठ पौंडांच्या रायफलीत .२४३ चा उलट धक्का नऊ-दहा फूट-पौंड, .३०८ चा सोळा-सतरा, .३०-०६ चा अठरा ते वीस, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा पंचवीसच्याही पुढे जातो. यातून जडणारी खोड उघड करण्याची एक जुनी युक्ती नेमबाजीच्या मैदानावर आजही वापरतात. सोबत्याने नेमबाजाच्या नकळत जिवंत काडतुसांत एखादे पोकळ काडतूस मिसळून भरावयाचे. चाप ओढताच बार होत नाही, पण न आलेल्या धक्क्याच्या धास्तीने डोळे मिटलेले आणि नळीचे तोंड हातभर नव्हे तरी बोटभर खाली झुकलेले सर्वांना दिसते. शंभर यार्डांवर त्या बोटभराचे अंतर फुटांत मोजावे लागते, आणि हरणाच्या छातीतील मर्मस्थानाचा व्यास तर अवघा आठ इंच. मॅग्नम घेऊन पोट फाडण्यापेक्षा .२४३ ने फुप्फुस भेदणे हे शिकाऱ्याला आणि हरणाला, दोघांनाही श्रेयस्कर.

सौम्य काडतूस मोठ्या शिकारीला अपुरे पडते, असेही नाही. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या पारिपत्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांकडून भेट मिळालेली रिग्बी रायफल .२७५ ची, म्हणजे ७ मिलिमीटर माउझर काडतुसाचीच होती, आणि रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी १९२६ मध्ये तिनेच टिपला. स्वीडन-नॉर्वेतील शिकारी १८९४ च्या ६.५×५५ या सौम्य काडतुसाने चारशे-पाचशे किलोंचे मूस हे महाकाय हरीण पिढ्यान्‌पिढ्या मारीत आले आहेत. गंमत अशी की, २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर अवतरले तेव्हा नव्या युगाचा शोध म्हणून ज्याचा डंका पिटला गेला, त्याची गोळी आणि वेग त्या वृद्ध स्वीडिश काडतुसाच्या अगदी जवळपास आहेत.

बोरविषयी वाद घालणारे बहुतेक लोक ज्या गोष्टीची उपेक्षा करतात, ती गोळीची घडण होय. शिशाचा गाभा आणि तांब्याचे पातळ आवरण असलेली साधी गोळी हाडावर आपटून फुटली, तर आत पोचण्यापूर्वीच तिचे तुकडे होतात. पूर्ण आवरणाची लष्करी गोळी मुळीच न फुलता अरुंद छिद्र पाडून निघून जाते, आणि म्हणून अनेक राज्यांत ती हरणासाठी मना आहे. जॉन नॉस्लर यांनी १९४६ च्या मूसच्या शिकारीत गोळी अयशस्वी झाल्याचे पाहून मध्ये तांब्याचा आडपडदा असलेली पार्टिशन गोळी सिद्ध केली: पुढचा अर्धा फुलतो, मागचा अखंड राहून खोल जातो. निव्वळ तांब्याच्या, शिसे नसलेल्या गोळ्यांचे प्रयोजन वेगळे आहे. शिकाऱ्याने रानात टाकून दिलेल्या आतड्यांतील शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडे विषबाधेने मरत होती. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला संपूर्ण मनाई केली. शिकार खाणाऱ्याच्या पानातही तेच कण येतात, हे मात्र कोणी चटकन बोलत नाही.

गोळी नळीतून सुटल्यावर आधी वर चढते, असेही पुष्कळ जण मानतात. तिला वर उचलणारी कोणतीही शक्ती हवेत नाही. नळीच नजरेच्या रेषेशी किंचित वर रोखलेली असते, इतकेच. सपाट मार्गाचे स्तोमही असेच. दोनशे यार्डांवर नेम बसवलेल्या .२७० आणि .३०८ यांच्या गोळ्या तीनशे यार्डांवर एकमेकींपासून दोनेक इंचांच्या फरकानेच खाली येतात, आणि पूर्वेकडील दाट जंगलांत तीनशे यार्डांचा प्रसंग विरळाच. जड, संथ गोळी झुडपातून सरळ जाते, ही समजूत तर सपशेल टाकाऊ: डहाळीला लागून प्रत्येक गोळी वळते, मग ती कितीही वजनदार असो.

अखेरचा शब्द कायद्याचा. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ इंच बोर, ७० ग्रेनांची फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा आवश्यक, व्हर्जिनियात .२३ च्या खाली चालत नाही, त्यामुळे .२२३ तिथे बाद. ओहायोत गळ्याशी निमुळत्या न होणाऱ्या, सरळ भिंतीच्या कोशाचीच काडतुसे मान्य असल्याने .३०८ तिथे निरुपयोगी. आणि इंग्लंडात १९९१ च्या कायद्याने मोठ्या हरणांसाठी .२४० इंच व १,७०० फूट-पौंड हा दंडक घातला आहे. नियमांत दुरुस्त्या होत असतात. परवान्यासोबत मिळणारी चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचण्यात हयगय करू नये.

एवढे ध्यानात घेऊन एकाच रायफलीवर भागवावयाचे, तर ७ मिमी-०८, .२७०, .३०८ आणि .३०-०६ यांत हरणाच्या दृष्टीने काडीचा फरक मला दिसत नाही. कधीकाळी एल्कसारख्या थोराड हरणाच्या मागे जाण्याचा विचार असेल, तर १८० ग्रेनांची गोळीही सहज पेलणारे .३०-०६ घ्यावे; खांदा नाजूक असेल वा घरातील मुलेही तीच रायफल हाताळणार असतील, तर ७ मिमी-०८ किंवा .२४३. माझा स्वतःचा कल .३०८ कडे आहे, आणि त्याचे कारण फारसे काव्यात्म नाही. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी आडगावच्या दुकानात इतर डबे संपलेले असले, तरी त्याचा एखादा डबा शिल्लक असण्याचा संभव अधिक; शिवाय सरावाची काडतुसे त्यातल्या त्यात स्वस्त पडतात, आणि उन्हाळाभर मैदानावर ती खर्ची घातल्यावाचून कोणतीही रायफल रानात नेण्यास योग्य होत नाही.