मत बदला, पण कारण सांगा

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी लादणारे दोन्ही शासन निर्णय २०२५ मध्ये रद्द झाले, त्यांच्या विरोधातल्या ५ जुलैच्या मोर्च्याऐवजी वरळीत विजयी मेळावा झाला, तरी वाद ‘कोण झुकलं’ यावरच अडला. सत्ताधारी म्हणत होते, शाळेत तीन भाषा शिकवण्याची शिफारस करणारा माशेलकर समितीचा अहवाल आधीच्या उद्धव ठाकरे सरकारनेच स्वीकारला होता. ठाकरे गटाचं म्हणणं होतं, स्वीकारला म्हणजे अमलात आणला असं होत नाही. शब्द फिरवल्याचा ठपका दोघांनी एकमेकांवर ठेवून झाला. मत का बदललं, हे मात्र कुणीच धड सांगितलं नाही.

माघार घेतली म्हणून सरकारला हिणवणाऱ्यांत मी नाही. चुकीचा निर्णय रेटण्यापेक्षा तो मागे घेणं केव्हाही बरं. पण परिस्थिती बदलली म्हणून मत बदलणं वेगळं आणि वारा येईल तशी पाठ देणं वेगळं. हा फरक ओळखायचा कसा? त्यासाठी जर्मनीचं एक उदाहरण जरा सविस्तर पाहू.

तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलर अँगेला मर्केल मूळच्या भौतिकशास्त्राच्या. अणुऊर्जेच्या पक्क्या समर्थक. आधीच्या सरकारने अणुभट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं होतं, ते बाजूला सारून त्यांनी २०१०च्या अखेरीस देशातल्या १७ भट्ट्यांचं आयुष्य सरासरी १२ वर्षांनी वाढवून घेतलं. काही महिन्यांतच, ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली. तीनच दिवसांत मर्केल यांनी स्वतःच्या त्या निर्णयाला स्थगिती दिली.

विरोधक म्हणाले, हे निवडणुकीसाठी. त्यात तथ्य होतंच. त्याच महिन्यात बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मतदान होतं. तिथली पाच दशकांहून जुनी सत्ता त्यांच्या पक्षाने गमावलीच. पण ९ जूनला मर्केल संसदेत उभ्या राहिल्या आणि आपला कोणता समज मोडला ते त्यांनी नेमकं सांगितलं. अणुऊर्जेतला उरलासुरला धोका आपण पत्करला होता, कारण कडक सुरक्षा निकष असलेल्या प्रगत देशात तो प्रत्यक्षात उतरणार नाही अशी खात्री होती. जपानसारख्या देशात तो उतरला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. महिनाअखेरीस भट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा मोठ्या बहुमताने मंजूर झाला. शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाल्या.

तो निर्णय बरोबर होता का? मला शंका आहे. जर्मनीत तेवढी मोठी त्सुनामी येणार कुठून? शिवाय भट्ट्या आधी आणि कोळसा नंतर, हा क्रम हवामानाच्या दृष्टीने उलटा पडला, असं म्हणणारे आज जर्मनीतही कमी नाहीत. पण हा वाद घालता येतो, कारण मर्केल यांनी कारण मांडून ठेवलंय. ते तपासता येतं, खोडता येतं.

फुकुशिमा आपल्यासाठीही घडलंच होतं. कोकणातल्या जैतापूरचा ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प तेव्हा ऐरणीवर होता. १८ एप्रिल २०११ रोजी तिथल्या साखरी नाटे गावात प्रकल्पविरोधी आंदोलनावेळी पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. त्यानंतर आठवड्याभरातच प्रकल्प पुढे नेण्याचं दिल्लीत ठरलं. लोकांच्या समाधानासाठी सुरक्षेवर देखरेख करणारं स्वतंत्र प्राधिकरण कबूल केलं गेलं. त्याचं विधेयक संसदेत आलं आणि मंजुरीविना बारगळलं. मत कायम ठेवायलाही हरकत नाही, पण मग त्याचा आधार तरी शाबूत ठेवायला हवा होता.

आता हिंदीकडे. १६ एप्रिल २०२५च्या पहिल्या शासन निर्णयापासून २९ जूनच्या माघारीपर्यंत नेमकं बदललं काय? सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचं ओझं नको, हे शिक्षणतज्ज्ञ आधीपासूनच सांगत होते. शिक्षक अपुरे आहेत, हेही जुनंच. १७ जूनच्या सुधारित निर्णयात तर हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गातली किमान २० मुलं तयार हवीत, अशी अट होती. ज्या जिल्हा परिषद शाळेत अख्ख्या शाळेचा पटच विसाच्या आत, तिथे या सवलतीचा उपयोग काय? शाळांचा हा पट मंत्रालयात एप्रिलमध्येही ठाऊक होता. बदललं ते फक्त रस्त्यावर उतरू पाहणाऱ्यांचं बळ. लोकशाहीत तेही मोजायलाच हवं, पण त्यातून मुलांनी तिसरी भाषा केव्हा शिकावी याचं उत्तर मिळत नाही. ते शोधायचं काम सरकारने डॉ. नरेंद्र जाधव समितीवर सोपवलं.

म्हणून एक साधी मागणी. आपल्या प्रत्येक शासन निर्णयात वर ‘प्रस्तावना’ असते. एखादा निर्णय फिरवताना तिथे दोन गोष्टी लिहिणं सक्तीचं करावं: आधी आम्ही काय गृहीत धरलं होतं आणि त्यातलं काय खोटं ठरलं. जाधव समितीचा अहवाल सरकार स्वीकारो वा नाकारो, वाचकहो, त्या निर्णयाची आधी प्रस्तावना वाचा. तिथे कारण सापडलं नाही, तर हाही निर्णय पुढच्या मोर्च्यापर्यंतच टिकणार, हे समजून घ्या.